कॅमेरा आणि परकराची नाडी

मोटरसायकलवर कॅमेरा बसवायचा, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा सौ. गवार मोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आधी तुम्ही तिच्यावर नीट बसा."

वास्तविक हौस माझी नव्हतीच. आई महाडला आमच्याकडे असते. तिचं माहेर पोलादपूरच्या पुढं, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. गुडघ्यांनी संप पुकारल्याला चार वर्षं झाली. जिना उतरणं बंद, तिथं माहेर कुठलं? मामा गेले, घराला कुलूप. तरी श्रावण लागला की तिची चौकशी सुरू : "वळणावरचा आंबा आहे का रे अजून?" मुंबई-गोवा रस्ता रुंद व्हायला लागल्यापासून तिचा कुठल्याच झाडावर भरवसा राहिलेला नाही. म्हटलं, चला, सगळा रस्ताच घरी आणून दाखवू.

पहिला विचार अर्थात फुकटचा. फोन हँडलला बांधायचा! पण पुण्याच्या भाच्यानं कळवलं, "मामा, मोटरसायकलच्या थरथरीनं फोनच्या कॅमेऱ्यातली भिंग स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असं खुद्द ॲपलनंच २०२१ साली सांगितलंय." माझा फोन ॲपलचा नाही, पण थरथरीला कंपनी कळत नसावी. शेवटी काड्यापेटीच्या थोरल्या भावाएवढा एक कॅमेरा घेतला. किंमत सौ.ला अजून सांगितलेली नाही. हा लेख ती वाचणार असल्यामुळे इथंही सांगत नाही.

पहिल्या रविवारी तो हँडलवर बसवला. घरी येऊन पाहतो तो सगळा महाड तालुका खरवसासारखा थरथरतोय! विजेचे खांब शेवयांसारखे, आणि समोरून येणारी एस.टी. हसून पोट धरल्यासारखी. भाच्यानं कारण सांगितलं. हा कॅमेरा चित्र एका दमात घेत नाही, वरून खाली ओळीओळीनं वाचत उतरतो. तो तळाला पोचेपर्यंत आमच्या एका सिलिंडरच्या इंजिनानं हँडल हलवलेलं असतं. उपाय एकच : कॅमेरा हेल्मेटच्या हनुवटीवर लावायचा. मधल्या मान, पाठ वगैरे अवयवांत बरीचशी थरथर जिरते. (माझ्या पाठीचा पहिला उपयुक्त उपयोग. डॉक्टरांना सांगितला पाहिजे.) त्यासाठी तोंड झाकणारं हेल्मेट आलं. हेल्मेटला चिकटवायची पट्टी कॅमेऱ्याबरोबर आली होती. तिच्यावर लिहिलं होतं, कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागावर लावून चोवीस तास थांबावे. महाडात श्रावणात कोरडा पृष्ठभाग! आणि चोवीस तास थांबायला मी काय सरकारी फाईल आहे? अर्ध्या तासात निघालो.

आई जिन्याच्या तोंडाशी आली. हातात परकराची नाडी. "ही बांध त्याला. चिकटवलेल्याचा काय नेम?" मी हसलो, पण बांधली. पुढं भाच्याकडून कळलं की शहाणे लोक असा दोर बांधतातच, आणि त्याला इंग्रजी नाव आहे. शिवाय या जातीचे कॅमेरे ज्यानं लोकप्रिय केले, त्या निक वुडमननं लाटांवर स्वार होताना फोटो काढता यावेत म्हणून सुरुवात केली ती मनगटाच्या पट्ट्यापासूनच. २००४ सालचा त्याचा पहिला कॅमेरा तर चक्क रिळाचा होता. म्हणजे मूळ कल्पना नाडीचीच!

पोलादपूर दोनेक किलोमीटरवर असताना पट्टीनं जीव सोडला. कॅमेरा नाडीला लोंबकळत माझ्या पोटाचं चित्रीकरण करू लागला. पोलादपुरात थांबलो, नाडी करकचून आवळली, भजी खाल्ली, दोन चहा घेतले आणि पुढं निघालो.

रात्री टीव्हीला जोडून खेळ झाला. शेजारचेही आले. सावित्रीवरचा पूल आला तशी आईनं हात जोडले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री जुना पूल पुरात गेला, त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या आणि त्यातली माणसं गेली. नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला, तरी महाडचं माणूस त्यावरून अजून गप्प राहूनच जातं. मग वाऱ्याचा घोंघाट, आणि त्यातून मधूनमधून माझा आवाज. गाडीवर मी एकटाच बोलतो, हे मला त्या रात्री चारचौघांत कळलं. खड्ड्यांना उद्देशून जे म्हणालो ते जाऊ द्या. "संध्याकाळी पुन्हा पडवळच असणार" हे वाक्य मात्र लख्ख ऐकू आलं. सौ.नं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग काही मिनिटं पोट. मग बत्तीस मिनिटं भज्यांची बशी. हेल्मेट टेबलावर ठेवताना बटण बंद करायचं राहिलं होतं. शेजारी उठून गेले. नंतर महाबळेश्वरचा रस्ता लागला, दोन्हीकडे भाताची खाचरं, समोर धुक्यातला घाट. आई पुढं सरकून बसली. "हा ओढा. आता देऊळ. आता वळण आलं की..."

पडदा काळा झाला. तासाभराची बॅटरी, तिनं निम्मी भज्यांवर घालवलेली.

कोणी काही बोलेना. मी रिमोट उगाचच दाबत राहिलो.

"आंबा होता का रे?" आईनं विचारलं.

खरं सांगायचं तर मी पाहिलाच नव्हता. कॅमेरा पाहतोय म्हटल्यावर मी कशाला पाहू? "होता" म्हणालो. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "बरं. पुन्हा जाशील तेव्हा बघ."

दुसरी बॅटरी मागवली आहे. नवी पट्टी आजच चिकटवून हेल्मेट कपाटावर ठेवलंय, चोवीस तास उद्या सकाळी नऊला भरतील. नाडी आईनं धुऊन खिडकीत वाळत घातली आहे; ती काही या पावसात वाळायची नाही.