वाट पाहणाऱ्यांजवळ

सैन्यात धर्मगुरू हे रीतसर पद आहे. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री. हुद्दा नायब सुभेदाराचा. पूजा-प्रार्थना सांगणं हे लोकांना दिसणारं काम. आजारी जवानांजवळ बसणं, शिक्षा भोगणाऱ्याला भेटणं, अंत्यविधी पार पाडणं, हेही त्याचंच कर्तव्य. ते काम करून मी निवृत्त झालो आणि धारवाड जिल्ह्यातल्या अळणावरला घरी आलो. आपल्याकडे नागरी आपत्तीत असं पद नाही. दोरखंड येतात, जेसीबी येतो, श्वानपथक येतं. कडेला उभ्या राहिलेल्या घरच्या माणसांसाठी नेमलेलं असं कुणी नसतं. म्हणून मी जातो.

19 मार्च 2019 रोजी दुपारी धारवाडच्या कुमारेश्वर नगरात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली. 19 माणसं गेली. पण हा आकडा शेवटी आला. त्याआधी वाट पाहण्याचे दिवस होते. तीन दिवस उलटल्यावरही त्या ढिगाऱ्यातून माणसं जिवंत निघाली. आमच्या कामाचा सगळा कस इथेच लागतो. पहिल्याच संध्याकाळी ‘आता मन घट्ट करा’ म्हणणारा आणि ‘काही होत नाही, येतील बाहेर’ म्हणणारा, दोघंही आपल्याला ठाऊक नसलेलं सांगत असतात.

पोलिसांच्या दोरीपाशी कुणी विचारतं, “गुरुजी, आहेत का हो आमचे?” मी म्हणतो, “अजून कळलं नाही, ताई. मागच्या बाजूचं काम चालू आहे. तासाभरात विचारून येतो.” आणि तासाभरात परत येतो. बातमी नसली तरी येतो. या कामात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे परत येणं. मधल्या वेळात रक्तदाबाची गोळी घेतली का ते पाहायचं, कुणाचा मोबाइल चार्जिंगला लावून द्यायचा, पाणी द्यायचं.

मी विठ्ठलाला मानणारा माणूस. तरी कर्म, नशीब, देवाची मर्जी हे शब्द ढिगाऱ्यापाशी तोंडातून काढत नाही. ‘देवानं असं का केलं?’ असं कुणी विचारलं तर जवळ बसून राहतो. त्या घडीला उत्तर देणं हा मला त्या माणसावरचा अन्याय वाटतो. पुरातही तेच. गाय वाहून गेलेल्या माणसाला ‘माणसं तर वाचली ना’ म्हणू नये. त्याला आधी गाईविषयी बोलू द्यावं.

मृतदेह निघाला की काम बदलतं. आमच्या सीमाभागात एका भिंतीखाली मराठा, लिंगायत, मुसलमान, ख्रिस्ती सगळेच सापडू शकतात. मुसलमान घराला दफनाची घाई असते. पंचनामा आणि शवविच्छेदन का टाळता येत नाही, हे त्यांना शांतपणे सांगावं लागतं. लिंगायतांत देह बसवून, विभूती लावून पुरण्याची रीत. काही दिवसांनंतर निघालेला देह तसा बसवता येईलच असं नाही. तिथे त्यांच्या धर्मगुरूंना, जंगमांना बोलावून त्यांच्याच तोंडून घरच्यांना मोकळीक मिळवून द्यावी लागते. देह मिळालाच नाही तर हिंदूंत पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी करतात, पण त्याचं नाव घरच्यांनी काढेपर्यंत मी काढत नाही. कुठल्या घरी आपण विधी सांगायचा आणि कुठल्या घरी फक्त योग्य माणसाला फोन लावायचा, हे ओळखणं मंत्रांपेक्षा अवघड आहे.

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे धर्मगुरू फादर मायकल जज 11 सप्टेंबर 2001 ला जवानांबरोबर वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या इमारतीत गेले आणि त्या दिवसाच्या मृतांच्या नोंदीत त्यांचं नाव पहिलं लागलं. तिथे धर्मगुरूची ही जागा दलातच असते. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मनोसामाजिक आधाराची मार्गदर्शक तत्त्वं 2009 सालीच काढली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या पुस्तिकेत मानसिक प्रथमोपचार तीन शब्दांत बसवला आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. आपण तिसऱ्यात कमी पडतो. तेरावा झाल्यावरही झोप येत नसेल, तर धारवाडची ‘डिम्हान्स’ ही मानसिक आरोग्य संस्था आहे, ‘टेली मानस’ या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आहे, हे घरच्यांच्या हातात लिहून द्यायला हवं.

तालुक्याच्या आपत्ती यादीत जेसीबीवाल्याचा आणि पट्टीच्या पोहणाऱ्याचा नंबर असतो. त्याच पानावर जंगम, मौलाना, फादर आणि कीर्तनकार यांचेही नंबर लिहा, आणि पावसाळ्यापूर्वी त्यांना एकदा एकत्र बसवा. अळणावरात बसायचं ठरलं तर मी येईन.