आजीचा निरोप

जबलपूरच्या आमच्या रांझीत ‘चीन’ हा शब्द मी ‘बॉर्डर’शिवाय कधी ऐकला नव्हता. आजोबा गन कॅरेज फॅक्टरीत होते, बाबा व्हेइकल फॅक्टरीत. 1969 मध्ये सुरू झालेल्या या फॅक्टरीतले शक्तिमान ट्रक फौजेची रसद घेऊन पहाड चढले, याचा बाबांना आजही अभिमान आहे. मलाही आहे. मी दिल्लीत चिनी भाषा शिकायला घेतली तेव्हा घरात दोन दिवस कुणी धड बोललं नव्हतं. मग 2018 च्या उन्हाळ्यात सहा आठवडे एका चिनी कुटुंबात राहायला जायचं ठरलं, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “पासपोर्ट जपून ठेव. आणि विचारल्याशिवाय काही खाऊ नको.”

आजीचं मात्र वेगळंच चाललं होतं. तिचं माहेर तुमसर. तुमसर रोडहून तिरोडीला रेल्वेचा फाटा जातो, म्हणून वांग छीची गोष्ट तिला घरातल्यासारखी. हा चिनी सैनिक 1963 च्या जानेवारीत हद्द ओलांडून आला आणि पकडला गेला. कित्येक वर्षं तुरुंगात काढल्यावर त्याला बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीत आणून सोडलं. त्याने पिठाच्या गिरणीत काम केलं, तिथेच लग्न केलं, मुलंबाळं झाली. पण स्वतःच्या गावी एकदा जाऊन यायला 2017 चा फेब्रुवारी उजाडला. आजी बॅग भरताना माझ्यामागे लागली होती, “तिकडच्यांना सांगशील बरं, तुमचा एक माणूस आमच्याकडे होता म्हणून.”

बीजिंगहून शिजियाझुआंगला गाडी सव्वा तासात पोचली. साधारण जबलपूर-नागपूरइतकं अंतर. उतरले तर ऊन जबलपूरच्याच तोडीचं. घरात चौघं: नवरा-बायको, परीक्षा संपवून नुकतीच मोकळी झालेली मुलगी आणि नवऱ्याचे वडील. आजोबांना ‘येये’ म्हणायचं आणि घरच्या बाईंना ‘आयी’. पुस्तकात या शब्दाचा अर्थ मावशी, काकू असा दिलेला. वर्गात तो मी शंभरदा म्हटला होता, काही वाटलं नव्हतं. त्या दारात उभी राहून “आयी” म्हणाले आणि माझं मलाच ऐकू आलं. पहिल्या रात्री तो शब्द घेऊनच मी उशीत तोंड खुपसून रडले.

मी मांस खात नाही हे आयीने ऐकलं आणि मान डोलावली. पहिल्या दिवशी तिने वांगं केलं. मी घास घेतला आणि थांबले. तेल डुकराचं होतं. तिला वाईट वाटू नये म्हणून मी काही बोलले नाही, पण तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच होतं. दुसऱ्या दिवशी बाजारातून एक नवी लहान कढई आली. आयीने तिच्या दांड्याला लाल दोरा सात-आठ वेढे घालून घट्ट बांधला, गाठ दातांनी ओढली आणि घरातल्या सगळ्यांना दाखवून कढई वेगळ्या खिळ्याला टांगली. येयेंनी एकदा चुकून तिच्यात अंडं फोडलं तर बिचाऱ्यांना केवढं ऐकावं लागलं!

सकाळी राळ्याची पेज असायची, उकडलेल्या पावासारखे मांतोऊ असायचे. दुपारी मुगाचं पाणी. मूग नुसते फुटेपर्यंत उकळायचे, वरचं हिरवं पाणी गाळून घ्यायचं, साखर घालून गार करायचं. उन्हाचा दाह कमी होतो म्हणे. रांझीत आम्ही त्याच कामाला कैरीचं पन्हं पितो.

येये मला रोज विचारायचे, “खऽ तीहुआ ठाऊक आहे ना?” मला ते कुणा नटाचं नाव वाटायचं. एका रविवारी ते मला हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत घेऊन गेले. सुरूच्या झाडांमधून चालत एका पांढऱ्या पुतळ्यासमोर उभे राहिले, तेव्हा उलगडलं. ते आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938 मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. 9 डिसेंबर 1942 ला गेले, वय अवघं 32. आजीने शांतारामबापूंचा कोटणीसांवरचा सिनेमा पाहिलेला होता, मला तेवढंच माहीत. येयेंनी टोपी काढली आणि तीन वेळा वाकले. तुमच्या माणसाला आम्ही विसरलो नाही, असं काहीतरी म्हणाले.

तिथेच आजीचा निरोप सांगायचा होता. जीभ उचलेना. यांनी आमच्या माणसाला संगमरवरात उभं केलं, आणि आम्ही यांच्या माणसाला पन्नासहून जास्त वर्षं, आधी तुरुंगात, मग कागदपत्रांत, अडकवून ठेवलं. तो शत्रूचा सैनिक होता हे खरं. फौजेच्या फॅक्टरीवर वाढलेल्या मुलीला ते समजतं. पण शिक्षा भोगून झाल्यावरही एवढी वर्षं? याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आताही नाही.

शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी स्वयंपाकघरात सांगून टाकलं. अर्धे शब्द येत नव्हते. तुरुंगासाठी मोबाइल काढावा लागला, गिरणीसाठी हाताने जातं फिरवून दाखवलं. येये काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “मामा न?”

चिनीत मामा म्हणजे आई. आणि त्याची आई?

म्हटलं, ती 2006 मध्येच गेली. हा पोचला त्याच्या अकरा वर्षं आधी.

आयीने गॅस बंद केला. “घरी फोन लाव,” ती म्हणाली. “आत्ता.”

रांझीत फॅक्टरी सुटली होती. व्हिडिओ कॉल बाबांनी उचलला. मी तोंड उघडायच्या आत आयीने फोन माझ्या हातातून घेतला, दुसऱ्या हाताने लाल दोऱ्याची कढई खिळ्यावरून काढली आणि बाबांना दिसेल अशी धरून, भराभर चिनीत, त्या कढईबद्दल सांगू लागली.