लिंबाची फांदी

परवा वडिलांच्या काळातल्या ट्रॅक्टरचं इंजिन घरीच खाली घेतलं. तालुक्याला न्यायचं तर ओढून नेण्याचा खर्च वेगळाच.

याला मोटारीसारखी चासी नसते. पुढचा एक्सल इंजिनला जोडलेला, इंजिन गिअरबॉक्सला. बोल्ट काढले की ट्रॅक्टरचे दोन तुकडे. म्हणून गिअरबॉक्सखाली ठोकळे दिले, मागच्या चाकांना दगड लावले, बॅटरी सोडली, पाणी-डिझेल काढलं. सगळं नीट केलं आणि चेन पुली मात्र लिंबाच्या फांदीला बांधली! अडीचशे-तीनशे किलोचं धूड अधांतरी असताना फांदी कडाडली. पुतण्या खाली वाकून बोल्ट शोधत होता. भावानं त्याला कॉलर धरून मागं ओढलं. इंजिन आदळलं ते त्याच्या चपलेवर. पाय वाचला.

नव्या ट्रॅक्टरला अनुदान आहे, अवजार बँकेत रोटाव्हेटर मिळतो. मग एक भक्कम लोखंडी तिपाई अन् चेन पुली गावात सामाईक का नको? येत्या ग्रामसभेत मी विषय मांडणार आहे, तुम्हीही या.

तोवर एकच विनंती. लटकत्या इंजिनाखाली कुणी वाकू नका. बोल्ट नंतरही सापडतो.