कुणाला कोटी, कुणाला शाल-नारळ

नोव्हेंबर 2024 मध्ये आयपीएलच्या लिलावात ऋषभ पंतला 27 कोटी रुपये मिळाले आणि त्या संध्याकाळपासून आमच्या घरात जो वाद सुरू झाला, तो काही केल्या मिटत नाही. आमचे हे भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमधून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं लालबुंद लोखंडाच्या ठोकळ्याचा रूळ होताना पाहिलेला माणूस. मे महिन्यात दुर्ग-भिलाईचं ऊन पंचेचाळीसच्या घरात जातं, त्यात मिलमधली धग वेगळी. त्यांचं म्हणणं साधं आहे. ‘‘माझ्या हातच्या रुळांवरून रोज लाखो माणसं जातात. कुणाचा जीव गेला नाही, कारण आम्ही काम नीट केलं. आणि हा मुलगा दोन महिने बॅट फिरवणार, तर 27 कोटी? माझ्या सगळ्या नोकरीची बेरीज करा, त्याच्या एका सामन्याएवढी तरी होते का बघा.’’

बेरीज मी केली. होत नाही.

नवऱ्याच्या बोलण्यात तथ्य असतं तेव्हा त्याला उत्तर देणं फार अवघड जातं, हे वाचक भगिनींना वेगळं सांगायला नको. पण आमच्या घरी हा वाद केवळ चहाबरोबरचा नाही. माझी नात सतरा वर्षांची आहे, बारावीला आहे आणि हॉकी खेळते. आमच्या पद्मनाभपुरातून सायकलवर अर्ध्या तासात जाता येईल एवढ्या अंतरात डॉक्टर-इंजिनिअर घडवणाऱ्या कोचिंग क्लासेसची रांग आहे. भिलाईत मूल दहावी झालं, की शेजारीपाजारी ‘‘पास झालं का?’’ असं विचारत नाहीत, ‘‘कुठे टाकलं?’’ असं विचारतात. मुलाचं आणि सुनेचं मत होतं, की आता स्टिक माळ्यावर ठेवावी आणि नीटच्या तयारीला लागावं. तेव्हा खेळाडूला पैसा मिळावा की नाही, किती मिळावा, का मिळावा, हे प्रश्न आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर येऊन बसले आहेत.

आधी यांच्या मुद्द्याचं पाहू. पगार घामावर ठरतो, अशी आपली समजूत असते. पण तसं असतं तर कोकओव्हनवरचा मजूर अब्जाधीश झाला असता आणि भर उन्हात रोवणी करणारी छत्तीसगडी बाई बंगल्यात राहिली असती. पैसा घामाला मिळत नाही, तो मिळतो किती माणसं तुमच्या कामाकडे एकाच वेळी बघतात याला. यांनी केलेला रूळ लाखो माणसं वापरतात, पण रूळ पाहायला तिकीट काढून कुणी येत नाही. पंतचा एक फटका मात्र कोट्यवधी डोळे एकाच क्षणी पाहतात आणि त्या डोळ्यांसमोर साबण, मोबाईल, शीतपेय विकायला कंपन्या रांग लावून उभ्या असतात. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क 48,390 कोटींना विकले गेले. सामने 410. म्हणजे एका सामन्याचे साधारण 118 कोटी! हे पैसे सरकारी तिजोरीतून आलेले नाहीत आणि रेल मिलच्या कामगाराच्या पगारातून कापलेलेही नाहीत. समजा, पंतला 27 ऐवजी 2 कोटीच दिले, तर उरलेले 25 कोटी यांना किंवा एखाद्या परिचारिकेला मिळतील का? ते राहतील संघाच्या मालकाकडे. मग ज्याच्यासाठी लोक टीव्ही लावतात, त्यालाच ते मिळाले तर आपल्या पोटात का दुखावं?

हे सांगितल्यावर हे गप्प बसले, पण पटल्याचं कबूल केलं नाही.

आणि हा पैसा काही पूर्वीपासून नव्हता. 1983 साली कपिल देवच्या संघानं विश्वचषक जिंकला, तेव्हा खेळाडूंना बक्षीस द्यायला मंडळाकडे पैसा नव्हता. दिल्लीत लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला, त्यातून प्रत्येक खेळाडूला 1 लाख रुपये देता आले. बाईंनी स्वतः मानधन घेतलं नाही. त्या काळी सामना दूरदर्शनवर दिसणं हेच भाग्य होतं. नंतर खासगी वाहिन्या आल्या. 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर कुणाची मक्तेदारी नाही. त्यानंतर हक्कांचे लिलाव वाढत गेले आणि खेळाडूच्या खिशाचं रूप पालटलं. 1997 साली कराचीत शेवटच्या षटकात सकलैन मुश्ताकला षटकार ठोकणारे आपले भिलाईकर राजेश चौहान घ्या. त्या षटकारानं आमची सगळी वसाहत रस्त्यावर आली होती, फटाके फुटले होते. तोच षटकार आजच्या लिलावांच्या दिवसांत मारला असता, तर त्याची किंमत काय झाली असती, याचा विचार मी अनेकदा करते. षटकार तोच, फक्त साल वेगळं.

म्हणून ‘खेळाडूची लायकी आहे का?’ हा प्रश्नच मला थोडा वाकडा वाटतो. लायकी खाशाबा जाधवांची नव्हती? कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान 1952 साली हेलसिंकीला जायचं म्हणून वर्गणीसाठी दारोदार फिरला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7 हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हारतुरे झाले. पुढे 1955 साली ते पोलिसात फौजदार झाले आणि वर्षानुवर्षं त्याच हुद्द्यावर राहिले. 1984 साली रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर सोळा-सतरा वर्षांनी. मिरवणुकीतल्या बैलांना त्या दिवशी वैरण तरी मिळाली असेल.

माझा राग 27 कोटींवर नाही. राग आहे तो त्या आकड्याच्या खाली जी पोकळी आहे, तिच्यावर.

आमच्या दुर्गचीच गोष्ट घ्या. सबा अंजुम या गावची मुलगी. 2002 साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या मुलींनी हॉकीचं सुवर्ण जिंकलं, त्या संघात ती होती. ज्या विजयावरून पुढे ‘चक दे इंडिया’ हा सिनेमा सुचला, तोच हा विजय. पुढे ती भारताची कर्णधार झाली, 2013 साली अर्जुन, 2015 साली पद्मश्री मिळाली. पण तिच्या घरची चूल हॉकीनं पेटती ठेवली असं म्हणता येणार नाही. छत्तीसगड पोलिसांतल्या अधिकारीपदानं तिला स्थैर्य दिलं. तिच्याच काळात, जानेवारी 2010 मध्ये, विश्वचषक तोंडावर असताना पुण्याच्या शिबिरात पुरुष खेळाडूंनी थकलेल्या पैशांसाठी सरावावर बहिष्कार घातला होता. 2011 साली पाकिस्तानला हरवून एशियन चॅम्पियन्स ट्रॉफी आणली, तर प्रत्येकाच्या हातावर 25 हजार ठेवले गेले. मुलांनी ते नाकारले. बरं केलं!

आपल्याकडे क्रिकेट सोडून बाकी खेळाडूंचा खरा ‘पगार’ म्हणजे नोकरी. रेल्वे, पोलीस, बँका, सरकारी कारखाने. गिरणगावातल्या कबड्डीपटूंपासून कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेपर्यंत सगळे याच वाटेनं आले. 2024 साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं, तेव्हा स्वप्नील रेल्वेत तिकीट तपासनीस होता. धोनीसुद्धा एकेकाळी खरगपूरला तेच काम करत होता. भिलाईत बास्केटबॉलचे प्रशिक्षक राजेश पटेल यांनी साध्या घरांतल्या किती मुली घडवल्या! 2018 साली ते गेले. त्यांच्या कित्येक मुलींना खेळाच्या जोरावर रेल्वेत नोकरी लागली आणि एकेका मुलीमागे एकेक घर उभं राहिलं. पण ही वाट आता अरुंद होत चालली आहे. आमचे हे प्लांटमध्ये लागले तेव्हाची भरती आणि आजची भरती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कायम नोकऱ्याच कमी, मग खेळाडूंच्या जागा कुठून येणार? माझ्या मुलाची काळजी हीच आहे आणि ती खोटी नाही.

मुलींच्या बाबतीत तर हिशेब आणखी विचित्र. मिताली राजनं सांगितलं आहे, की 2005 च्या विश्वचषकात संघ अंतिम फेरीत गेला, त्या वेळी सामन्याला 1 हजार रुपये मिळाले होते. 2006 साली महिलांचं क्रिकेट मंडळाच्या छत्राखाली आलं. ऑक्टोबर 2022 मध्ये स्त्री-पुरुषांना सामन्याचं मानधन सारखं झालं, कसोटीला 15 लाख, एकदिवसीय सामन्याला 6 लाख, टी-ट्वेंटीला 3 लाख. ऐकायला छान वाटतं. पण वार्षिक करार बघा. 2024-25 मध्ये पुरुषांच्या सर्वांत वरच्या गटाला 7 कोटी आणि बायकांच्या वरच्या गटाला 50 लाख. टेनिसमध्ये अमेरिकन ओपननं बक्षीस 1973 सालीच सारखं केलं आणि विम्बल्डनला तेवढी अक्कल यायला 2007 उजाडलं. ‘‘बायकांचे सामने कोण बघतं?’’ असं विचारणाऱ्यांना मी सांगते, दाखवले तर बघतील. सांगलीची स्मृती मानधना 2023 च्या लिलावात 3 कोटी 40 लाखांना गेली ती कुणी दया केली म्हणून नव्हे. कबड्डीचंही तेच. 2014 साली प्रो-कबड्डी सुरू झाली, तेव्हा सर्वांत महागडा खेळाडू 12 लाख 80 हजारांचा होता. चारच वर्षांत मोनू गोयतला 1 कोटी 51 लाख मिळाले. खेळ मातीतला तोच होता, फक्त टीव्ही आला.

आता घरचं सांगते. गेल्या हिवाळ्यात आमच्या भागात एक स्पर्धा झाली. टेनिस बॉल क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या विजेत्या संघाला 1 लाख रुपये रोख, मंचावर, फोटोसकट. मुलींच्या हॉकीला 11 हजार जाहीर झाले होते. नातीचा संघ जिंकला. चषक मिळाला, पाहुण्यांच्या हस्ते प्रत्येकीला नारळ मिळाला, पाकीट ‘नंतर’ मिळणार होतं. ते अजून यायचं आहे. आयोजकांचं नाव घेत नाही, त्यांना रोज रस्त्यात भेटावं लागतं. नात त्या दिवशी नारळ घेऊन घरी आली आणि म्हणाली, ‘‘आजी, याची चटणी कर. बक्षीस वाया जायला नको.’’ आम्ही हसलो. सून हसली नाही. तिनं रात्री हिशेब काढला. स्टिक 6 हजारांची, वर्षातून दोन बुटांचे जोड, दर रविवारी टर्फवर सरावासाठी राजनांदगावचं लोकलचं भाडं, अंडी, दूध, केळी. त्यात गुडघा एकदा दुखावला तेव्हाचा एक्स-रे. ‘‘हे सगळं कशासाठी, आई?’’ तिनं विचारलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, भीती होती.

जानेवारी 2025 मध्ये रांचीला मुलींची पहिली हॉकी इंडिया लीग झाली. उदिता दुहान 32 लाखांना घेतली गेली, हे नातीनंच आजोबांना सांगितलं.

‘‘वर्षाला?’’ यांनी चष्मा कपाळावर ढकलत विचारलं.

‘‘नाही आबा, दोन आठवड्यांच्या लीगला.’’

‘‘आणि नाइट शिफ्ट?’’

‘‘सामने रात्रीचेच असतात बहुतेक.’’

‘‘मग ठीक आहे,’’ हे म्हणाले. पंतच्या 27 कोटींवर संतापणाऱ्या माणसाला उदिताचे 32 लाख मात्र अजिबात टोचले नाहीत. मी हे त्यांना ऐकवलं. त्यावर ते म्हणाले, ‘‘ती पोरगी आपल्या पोरीसारखी धावते ना.’’ बघा म्हणजे! धावणारा माणूस ओळखीचा झाला, की त्याचा पगार बोचत नाही.

शेवटी घरात असं ठरलं आहे, की बारावी होईपर्यंत अभ्यास आणि हॉकी दोन्ही चालेल. कोचिंगला नाव घातलं आहे, पण संध्याकाळच्या नव्हे तर सकाळच्या बॅचला. सुनेनं एक अट घातली, पदवी कुठल्या तरी विषयाची हवीच. ती मला योग्य वाटते. गुडघा एकदा गेला, की कुठलंही मंडळ विचारत नाही. माझी अट वेगळी होती. घरातल्या सगळ्यांनी महिन्यातून एकदा तरी तिचा सामना प्रत्यक्ष बघायला जायचं. टीव्हीवर कोटींचे सामने बघायला आपण रात्री अकरापर्यंत जागतो आणि गल्लीतल्या मुलींच्या सामन्याला मोजून नऊ माणसं असतात, त्यांतले चार प्रशिक्षक आणि पंच. मग प्रायोजक कशाला येईल?

परवाच्या रविवारी आम्ही पाचजण गेलो. हे घरून प्लास्टिकची खुर्ची घेऊन गेले, कारण तिथे बसायला काही नसतं हे त्यांना ठाऊक होतं. मध्यंतरात मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या एका कार्यकर्त्याला त्यांनी गाठलं आणि रेल मिलमधल्या फोरमनच्या आवाजात विचारलं, ‘‘त्या 11 हजारांचं काय झालं?’’ तो म्हणाला, या आठवड्यात बघतो. यांनी तारीख लिहून घेतली आहे.