‘गावाकडची चव’ : नेमकी कुणाच्या गावाची?

कोल्हापुरातून कोणत्याही दिशेने बाहेर पडा. महामार्गाला लागून शिरोली, उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव. इकडे कळंबा, आर. के. नगर, तिकडे रंकाळ्याच्या पुढे फुलेवाडी. जिथे काल ऊस होता तिथे आज अपार्टमेंट आहेत आणि अपार्टमेंटच्या आगेमागे एक तरी ‘गावरान’ हॉटेल आहे. दारात बैलगाडीचे चाक, छपराला कंदील, कोपऱ्यात जाते आणि उखळ, टेबलावर पितळी तांब्या. भिंतींना सारवल्यासारखा रंग. वाढणाऱ्या पोरांच्या डोक्याला फेटा. पाटीवर ‘चुलीवरचं मटण’, ‘आजीच्या हातची चव’, नाहीतर नुसतेच ‘वाडा’. चांगले चालले की त्याच मालकाची दुसरी शाखा निघते, मग तिसरी. प्रत्येक शाखेत तेच चाक, तोच कंदील, तोच तांबडा-पांढरा रस्सा.

रविवारी दुपारी इथे नंबर लावून उभे राहावे लागते. का? या प्रश्नाचे उत्तर केवळ ‘चव चांगली आहे म्हणून’ एवढेच नाही. आंबेडकरी चळवळीतल्या आपण सगळ्यांनी त्याचा जरा खोलात जाऊन विचार करायला हवा, म्हणून हा लेख.

आधी हे मान्य करू की या ओढीमागे खरे कारण आहे. या उपनगरांत राहणारी माणसे एक-दोन पिढ्यांपूर्वी राधानगरी, भुदरगड, कागल, गडहिंग्लजकडून आली. कुणी एमआयडीसीत, कुणी शाळेत, कुणी बँकेत नोकरीला लागले. फ्लॅटमध्ये चूल पेटवता येत नाही. नवरा-बायको दोघे कामावर जातात, वाटण घाटायला वेळ कुणाला आहे? गावातली शेती भावकीत वाटली गेली, घर पडायला आले. मग गाव आठवते. गावाला परत जायचे मात्र नसते. तिथली भांडणे नको, पाण्याची टंचाई नको, पाहुण्यारावळ्यांची उठबस नको. हॉटेलवाला नेमके हेच ओळखतो. तो गावातला त्रास वगळतो आणि चव तेवढी ताटात वाढतो. १९९५ साली राज्य सरकारने झुणका-भाकर एक रुपयात देण्याची योजना आणली, तेव्हा ते गरिबाचे अन्न होते. तीच झुणका-भाकर आता आठवणींच्या भावाने विकली जाते. बदलले आहे ते खाणाऱ्याचे घर.

पण गावातून वगळलेल्या त्रासाबरोबर आणखी एक गोष्ट वगळली जाते. या हॉटेलांत वाडा आहे, पार आहे, विहिरीचा रहाट आहे, बैठक आहे. महारवाडा नाही. मांगवाडा नाही. गावकुसाबाहेरचे काहीच नाही. गाव दाखवायचे तर गावकूसही दाखवावे लागेल. ते दाखवले तर जेवण गोड लागणार नाही.

माझी आजी कागल तालुक्यातल्या एका खेड्यात वाढली. धाकट्या भावाच्या वाढदिवसाला आम्ही तिला अशाच एका हॉटेलात घेऊन गेलो होतो. ती ताटाकडे बघण्याआधी जात्याकडे बघत राहिली. म्हणाली, “ह्ये हितं शोभंला ठेवलंय व्हय? माझं अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या वाड्यावर दळण्यात गेलं की गं.” दळण तिने केले, पण त्या पिठाची भाकरी तिच्या पदरात वरून टाकली जायची, तीही शिळी. वाड्याच्या मागच्या अंगाला वळचणीत खोचलेला एक कानतुटका कप होता. तो तिचा. चहा झाला की तिनेच विसळायचा आणि तिथेच खोचायचा. तिच्या आठवणीत वाड्याची चव म्हणजे त्या कपातल्या चहाची चव.

मग प्रश्न असा की ‘गावाकडची चव’ म्हणताना गाव कुणाचे? ज्याच्या ओसरीवर पंगत बसायची त्याचे, की जो पंगत उठेपर्यंत अंगणाबाहेर थांबायचा त्याचे? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे सुनावले ते आपल्याला पाठ आहे. ज्या खेड्याचे गोडवे गायले जात होते ते संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे डबके आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेब खेड्याला शिव्या देत नव्हते. खेड्याकडे कोणत्या जागेवरून बघायचे हे ते सांगत होते. ओसरीवरून दिसणारे खेडे आणि वेशीबाहेरून दिसणारे खेडे ही दोन वेगळी खेडी आहेत.

आपल्या चळवळीचे आणि अन्नाचे नाते याहूनही खोल आहे. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याबरोबरच मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. इतरांचा स्वाभिमान जुन्या अन्नाच्या आठवणीत असेल, आपला स्वाभिमान जुने अन्न नाकारण्यात जन्माला आला आहे. म्हणून ‘जुनं ते सोनं’ ही पाटी वाचताना आपल्याला थोडे थांबावे लागते. आपले सोने नव्यात होते. ते शाळेत होते, शहरात होते, नळाच्या पाण्यात होते, पगाराच्या पैशांतून आणलेल्या अर्धा किलो मटणात होते.

आणि तरीही आपली पोरे या हॉटेलांत जातात. वाढदिवस तिथे, नोकरी लागल्याची पार्टी तिथे, साखरपुड्याची बोलणी तिथे. काही कार्यकर्त्यांना हे खटकते. ‘मनुवाद्यांच्या वाड्यावर कशाला जेवायला जाता?’ असे ते विचारतात. मला हे मान्य नाही. आपली पोरे तिथे जाऊन बसतात त्यामागेही अर्थ आहे. संविधानाच्या कलम १५ ने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत कुणालाही जातीवरून अडवता येणार नाही असे सांगितले, त्याच ओळीला लागून विहिरी आणि तळी आली. १९५५ च्या अस्पृश्यता विरोधी कायद्याला, जो आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो, हॉटेलातली भांडी वापरण्याचा हक्कसुद्धा वेगळा लिहावा लागला. भांडी! म्हणजे टेबलावरचा तो पितळी तांब्या शोभेचा असला तरी त्याला हात लावण्यासाठी देशाला कायदा करावा लागला आहे. आपला पोरगा पाय पसरून बाजेवर बसतो, तांब्या उचलून घटाघटा पाणी पितो आणि बिल देऊन बाहेर येतो, तेव्हा तो चवदार तळ्याचाच वारसा चालवतो. ज्या वाड्याच्या ओसरीवर पणजोबाला चढता आले नाही, त्या वाड्याच्या नकलेत तो गिऱ्हाईक म्हणून बसतो. त्याला जे समाधान मिळते ते गावाचे नाही, हक्काचे आहे. ते त्याला कळावे एवढाच माझा आग्रह.

गिऱ्हाईक म्हणून हा हक्क मिळाला, पण पुढचे काय? पाटीवर कुणाचे नाव आहे? मेनूकार्डात कुणाचे अन्न आहे? चुलीपाशी कोण आहे आणि मोरीपाशी कोण?

पाट्या वाचत चला. पाटील, देशमुख, सरकार, इनामदार ही नावे चवीची हमी म्हणून लावली जातात. आपल्या वस्तीत ‘जय भीम’ लिहिलेला वड्याचा गाडा असतो, पण महामार्गावर ‘कांबळे यांची घरगुती खानावळ’ अशी मोठी पाटी मला अजून दिसलेली नाही. कोल्हापुरात कांबळे काय कमी आहेत? मेनूकार्डातही तसेच. वजडी, मुंडी, पाया हे कधी आपल्या चुलीवरचे म्हणून नाक मुरडले जायचे. ते आता ‘स्पेशल’ झाले. आपल्या चान्यांना मात्र तिथे जागा नाही, आणि २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदीचा विस्तार झाल्यावर तर त्याची चर्चाही दबक्या आवाजात होते. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली. आपल्या घरात काय शिजत होते हे लिहून ठेवायला असे पुस्तक निघावे लागते, कारण इतरांच्या पाककृतींच्या पुस्तकांत आपण नाही.

चुलीपाशी आणि मोरीपाशी कोण, याचे एक उदाहरण माझ्या कामातले. आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या हाताला अशी चव आहे की वस्तीतल्या प्रत्येक कार्यक्रमाचा रस्सा त्याच करतात. उपनगरातल्या एका गावरान हॉटेलात त्या भाकऱ्या थापायच्या कामासाठी गेल्या. मालकाने गाव विचारले, मग आडनाव विचारले, मग म्हणाला, “भाकरीला बाई आहे आमच्याकडं, भांड्यांना पाहिजे.” दोन दिवसांनी भाकरीसाठी दुसरी बाई लागली. ‘आजीच्या हातची चव’ विकणाऱ्या हॉटेलाला आजीसुद्धा आडनाव बघून लागते.

हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो शहरात वुलवर्थ या साखळी दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर चार कृष्णवर्णीय विद्यार्थी बसले आणि उठायला तयार झाले नाहीत. तिथून आंदोलन देशभर पसरले. पुढे १९६९ मध्ये टेनेसी राज्यात ‘क्रॅकर बॅरल’ नावाची साखळी सुरू झाली. जुन्या काळातले खेड्यातले दुकान, पडवीत डुलत्या खुर्च्या, आजीच्या हातचे वाटावे असे जेवण, सगळे महामार्गाच्या कडेला. आपल्या वाडा-हॉटेलांचे थोरले भावंडच म्हणा. २००४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने याच साखळीवर कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना वेगळे बसवण्याचे आणि वाईट वागवण्याचे आरोप ठेवले आणि प्रकरण समझोत्याने मिटले. हवेहवेसे वाटणारे ‘जुने दिवस’ विकायला काढले की त्या दिवसांतली उतरंडही कधी कधी मागच्या दाराने आत येते. तिथे वर्ण होता, इथे जात आहे.

मग आपण करायचे काय? उत्तर कोल्हापुरातच आहे, शंभर वर्षांपूर्वीचे. गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण गंगारामांना चाकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला सांगितले. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक हॉटेल’ नावाने चहाचे दुकान काढले. सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. ज्यांनी १९१८ मध्ये महारवतन रद्द केले, ज्यांनी १९२० मध्ये माणगाव परिषदेत बाबासाहेबांना आपला पुढारी म्हणून लोकांसमोर उभे केले, त्या राजाने एक कप चहासुद्धा राजकारणाचा केला.

या गोष्टीत आपण महाराजांचे मोठेपण सांगतो आणि थांबतो. गंगारामांचे मोठेपण सांगत नाही. महाराज त्यांना रोज वाड्यावरून जेवण पाठवू शकले असते. ते बलुतेच झाले असते. त्याऐवजी दुकान उभे राहिले आणि ते कुणाचे आहे हे सगळ्या गावाला माहीत होते. लपवलेले आडनाव नाही, उसना वाडा नाही. नावातच ‘सत्य’ आणि ‘सुधारक’, म्हणजे जुन्याची हळहळ नाही. सवर्णांना तिथे चहा पिण्यासाठी मालक कोण हे माहीत असूनच यावे लागत होते. समतेची कसोटी ही आहे. गिऱ्हाईक म्हणून आपण त्यांच्याकडे जेवणे हा अर्धा रस्ता झाला. उरलेला अर्धा रस्ता त्यांनी आपले नाव वाचून आपल्याकडे येण्याचा आहे.

म्हणून राजेंद्रनगर, सदर बाजार, विचारे माळ, सिद्धार्थनगर इथल्या बचत गटांतल्या बायाबापड्यांना आणि तरुणांना माझे सांगणे आहे. हॉटेल काढा, खानावळ काढा, टिफिन काढा. आणि पाटीवर स्वतःचे नाव मोठ्या अक्षरात लावा. भिंतीवर बैलगाडीचे चाक नको, गंगाराम कांबळेंचा फोटो लावा. तिथे गरिबीचे प्रदर्शनही नको. उपाशीपोटी जे खावे लागले त्याला ‘परंपरा’ म्हणून मिरवायची आपल्याला गरज नाही. पण आजीने थोडक्या मिठा-मिरचीत जी चव आणली ती तिची कला होती. ती तिच्याकडून लिहून घ्या, ती आहे तोवर. कार्यकर्त्यांनी कर्जाची कागदपत्रे, अन्न परवाना, जागेचा करार या कामात मदत करावी. १४ एप्रिलच्या मिरवणुकीइतकेच हे काम चळवळीचे आहे. आणि वस्तीबाहेरच्या आपल्या पुरोगामी मित्रांनी व्यासपीठावर सत्यसुधारक हॉटेलची गोष्ट सांगण्याऐवजी रविवारी तिथे नंबर लावून उभे राहावे.

जय भीम.