न छापलेला ट्रेसबॅक

गाड्यांच्या सुट्या भागांचे नंबर सतत बदलत असतात. एखादा ब्रेक पॅड बंद होतो, त्याच्या जागी नवा नंबर येतो, दोन वर्षांनी त्याचीही जागा तिसरा घेतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एक छोटं फंक्शन होतं. जुना नंबर दिला की ते साखळी धरून पुढे जायचं आणि आज बाजारात मिळणारा नंबर आणून द्यायचं. मी ते पायथनमध्ये रिकर्शनने लिहिलं होतं. फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावून विचारत जाणार, ‘याच्या जागी कोण आलं?’ जेमतेम सहा ओळी. मला फार आवडायच्या त्या.

मग मी टेस्टिंगसाठी पाच हजार कड्यांची खोटी साखळी बनवली आणि पायथनने हात वर केले. रिकर्शन एरर. पायथन एकात एक अशी साधारण १००० बोलावणीच चालू देतं, त्यापुढे थांबवतं. खऱ्या डेटात दहाच्या वर साखळी मी कधी पाहिली नव्हती. पण माझा इगो दुखावला होता.

कारण कॉलेजात आम्ही सी++ शिकलो होतो. तिथे असं फंक्शन लिहून ऑप्टिमायझेशन चालू केलं, तर कंपायलर बहुतेक वेळा त्याचा गुपचूप साधा लूप करून टाकतो. स्कीमसारख्या भाषेत तर हे प्रमाणातच लिहिलेलं आहे, करावंच लागतं. याला टेल कॉल ऑप्टिमायझेशन म्हणतात.

सरकारी ऑफिसातली फाईल डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक टेबलावर शेरा आणि सही होते, मग फाईल पुढच्या टेबलावर जाते. आता समजा एखाद्या टेबलावरच्या माणसाने पुढे पाठवण्यापलीकडे काही करायचंच नसेल, तर त्याचा कागद फाईलमध्ये ठेवायचा कशाला? काढून टाका. फाईल कधीच जाड होणार नाही, मग टेबलं पाच असोत की पाच हजार. टेल कॉल ऑप्टिमायझेशन म्हणजे एवढंच.

पायथन हे करत नाही. म्हणून मी केलं. ट्रॅम्पोलिन नावाची एक युक्ती असते. फंक्शन स्वतःला न बोलावता ‘पुढे हे करा’ अशी चिठ्ठी परत देतं आणि बाहेर बसलेला लूप ती चिठ्ठी वाचून पुढचं काम चालवतो. मी ती एका डेकोरेटरमध्ये बसवली. पाच हजार काय, पाच लाख कड्या पार. रिव्ह्यूला टाकलं.

टीममधली सिनियर म्हणाली, “अरे, एवढी साखळी येणार आहे का कधी?”

मी तिला टेल कॉलचं अख्खं लेक्चर दिलं.

“ते कळलं मला. पण हे चुकलं तर कुठे चुकलं हे दिसणार कसं?”

“चुकणारच नाही ना.”

रिलीज डोक्यावर होतं. तिने मान्य केलं.

चारेक महिन्यांनी, एका रात्री, सर्व्हिस बंद पडली. त्या रात्री ऑन-कॉल होता तो तीन महिन्यांपूर्वी लागलेला मुलगा. मला आधी ‘सर’ म्हणायचा, सांगून सांगून ‘दादा’वर आला होता. दोन वाजता अलार्म वाजला. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर, आणि लॉगमध्ये इतकंच की वर्करने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून तो बंद केला. सोबत ट्रेसबॅकच्या तीन ओळी, त्यातल्या दोन माझ्या डेकोरेटरच्या. त्याने सर्व्हिस पुन्हा सुरू केली. ती पुन्हा अडकली. असं पहाटे पाचपर्यंत.

झालं होतं असं, की एक पार्ट बंद करून त्याच्या जागी दुसरा आला, काही महिन्यांनी दुसरा बंद होऊन पहिलाच परत आला, आणि कोणीतरी तशी नोंद केली. पहिल्याच्या जागी दुसरा, दुसऱ्याच्या जागी पहिला. माझं फंक्शन या दोघांमध्ये गोल गोल फिरत बसलं होतं. आधीच्या सहा ओळी असत्या, तर हजाराव्या फेरीला पायथनने थांबवलं असतं आणि कोणत्या ओळीतून कोणत्या ओळीत गेलो ते छापलं असतं. तीच ओळ पुन्हा पुन्हा आलेली पाहून कोणालाही कळलं असतं, की इथे चक्र आहे.

सकाळी मी त्याला विचारलं, “मला फोन का नाही केलास?”

“दादा, तुमचं कोड मला समजत नव्हतं. वाटलं, मलाच येत नाहीये.”

हे वाक्य मला बिलापेक्षा, क्लायंटच्या मेलपेक्षा जास्त लागलं.

मग मी पायथनवाल्यांचं म्हणणं शोधून वाचलं, आधी वाचायला हवं होतं ते. पायथनचा जनक गिडो व्हान रोसम याने एप्रिल २००९ मध्ये या मागणीला सविस्तर नकार दिला होता. त्याचं पहिलं कारण ट्रेसबॅकच होतं. कागद काढून टाकले, तर काही बिघडल्यावर माणूस तिथवर कसा पोचला हे सांगणार कोण? दुसरं कारण मला जास्त पटलं. हे नुसतं ऑप्टिमायझेशन राहत नाही. एकदा मिळालं की लोक त्याच्या भरवशावर कोड लिहितात, आणि मग ते नसलेल्या पायथनवर तो कोड चालतच नाही. शिवाय पायथनमध्ये एखाद्या नावामागे कोणतं फंक्शन आहे हे चालतानाही बदलू शकतं, त्यामुळे ‘हे स्वतःलाच बोलावतंय’ अशी खात्री आधी देता येत नाही.

समोरची बाजू मूर्ख नव्हती. काही कामं टेल कॉलने खरंच स्वच्छ लिहिता येतात, आणि ज्यांना रिकर्शनमध्ये विचार करायची सवय आहे त्यांना लूप परका वाटतो. मलाही वाटतो. पण पायथनने ठरवलं, की मागची वाट दिसली पाहिजे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ३.११ मध्येही हाच कल दिसतो. ती आवृत्ती आधीच्यापेक्षा सरासरी सव्वा पट वेगवान होती, गाजावाजा त्याचाच झाला. पण त्याच आवृत्तीत ट्रेसबॅक ओळीतल्या नेमक्या चुकलेल्या जागेखाली खूण करू लागला. त्यासाठी कंपाइल झालेल्या फाइल्स सुमारे २२ टक्क्यांनी फुगल्या. ती जागा त्यांनी वाचवली नाही, खर्च केली.

आणि गंमत म्हणजे २०२५ च्या ३.१४ मध्ये टेल कॉल आले, पण पायथनच्या पोटातल्या सी कोडमध्ये. आपण लिहिलेल्या फंक्शनला ते लागू नाहीत. सुरुवातीला वाटलं, वेग ९ ते १५ टक्के वाढला. नंतर कळलं की तुलनेतली जुनी पद्धतच क्लँग कंपायलरमधल्या एका बगमुळे हळू धावत होती. खरा फायदा ३ ते ५ टक्के. तो आकडा त्यांनी उघडपणे दुरुस्त केला. मी तर माझ्या ट्रॅम्पोलिनचा वेग मोजलाही नव्हता. नंतर मोजला. साध्या लूपपेक्षा कितीतरी हळू निघाला.

आता तिथे साधा व्हाइल लूप आहे. पाहिलेले नंबर एका सेटमध्ये जातात, आणि तोच नंबर पुन्हा आला की फंक्शन थांबून पूर्ण साखळी छापतं. हा बदल मी केला नाही. त्या मुलाला म्हटलं, तू कर, मी रिव्ह्यू करतो. त्याने केला. मी एकच प्रश्न विचारला, “चुकलं तर कुठे चुकलं हे दिसेल का?” सिनियर शेजारीच बसली होती. तिने स्क्रीनवरून मान वर केली नाही, पण हसली.

मागच्या महिन्यात तशी नोंद पुन्हा एकदा आली. भर दुपारी. लॉगमध्ये दोन नंबर आणि परत पहिला, असं नीट एका ओळीत छापलं होतं. डेटा दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. त्या मुलाने मला फक्त स्क्रीनशॉट पाठवला.