गाळलेलं गाणं

28 जानेवारी 2007. रविवार होता. ओपी, म्हणजे संगीतकार ओ. पी. नय्यर, ठाण्यात गेले. बारा दिवसांपूर्वीच त्यांना 81 वर्षं पूर्ण झाली होती. लाहोरात जन्मलेला, मुंबईत वीस वर्षं राजासारखा वावरलेला हा माणूस आमच्या ठाण्यात, त्याला आपलं मानणाऱ्या एका परक्या कुटुंबाच्या घरात गेला. रक्ताची माणसं होती, पण ओपींनी त्यांच्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. बातमी ऐकली आणि मला पहिल्यांदा आठवली ती माझ्या वडिलांची दोन बोटं.

वडील अबोल. हसणं बेताचं, बोलणं त्याहून बेताचं. आमच्या घरात लताबाईंबद्दल कुणी वावगं बोललेलं खपत नसे, आणि लताबाईंचं एकही गाणं ज्यानं कधी केलं नाही त्या संगीतकाराची गाणी रेडिओवर लागली, की वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं ताटाच्या कडेवर पडू लागत. तर्जनी आणि मधलं बोट. टक टका, टक टका. स्टीलच्या ताटाचा तो बारीक नाद, आमटीच्या वाटीत उठणारी वर्तुळं, आणि वडिलांच्या चेहऱ्यावर एरवी कधी न दिसणारं काहीतरी मोकळं झालेलं. गाणं संपलं की बोटं थांबत आणि ते पुन्हा भात कालवू लागत. आई मुद्दाम तिकडे बघायची नाही. बघितलं तर ते थांबतील, हे तिला ठाऊक होतं.

ओपींचा ठेका, असं आपण नुसतं म्हणतो. घोड्याच्या टापा म्हणतो आणि पुढे जातो. पण नीट कान देऊन ऐकावं. खाली ढोलक चालत असते, तिच्यावर टाळ्या पडतात, आणि मुखडा संपता संपता सगळं एक क्षण थबकतं. दाराशी आलेलं माणूस उंबऱ्यावर जरासं थांबावं, तसं. मग गाणं पुन्हा पाऊल टाकतं. सारा जीव त्या थबकण्यात आहे. सारंगीला तोवर सिनेमावाल्यांनी रडण्याच्या कामाला जुंपलेलं होतं. कुणी मेलं की सारंगी, कोठा उदास झाला की सारंगी. ओपींनी तिला हसवलं, नाचवलं. पंडित रामनारायण यांच्यासारख्यांची सारंगी त्यांच्या गाण्यांत शिकाऱ्यावर, डोंगरवाटेवर, भर उन्हात वाजली. गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझांना सिनेमात अरेंजर म्हणून त्यांनी हात दिला. आणि हे सगळं करणारा माणूस, आपण गाणं शास्त्रोक्त शिकलेलो नाही, हे स्वतःच सगळ्यांना सांगायचा. पिलूसारखा राग त्यांच्या चालींत इतक्या सहज येतो, की शिकलेल्यांनीही कान टवकारावेत.

'पुढे काय?' हा प्रश्न त्यांच्या वाट्याला दोनदा आला. पहिल्यांदा आला तेव्हा ते सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे होते. 1952 चा 'आसमान' पडला, 'छम छमा छम' पडला, पुढच्या वर्षी 'बाज' पडला. मुंबई सोडून पंजाबात परत जायचं ठरलं. ते नंतर सांगत, की गुरुदत्तकडे राहिलेले पैसे मागायला गेलो; त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून त्यानं पुढचा चित्रपट दिला. तो चित्रपट 'आर पार'. 1954. मग 'मिस्टर अँड मिसेस 55', 'सीआयडी', 'नया दौर', 'तुमसा नहीं देखा', 'हावडा ब्रिज'. आकाशवाणीनं सिनेमाच्या गाण्यांना दार लावून घेतलं होतं, तर लोक रेडिओ सिलोन लावून ऐकत. 'नया दौर'ला फिल्मफेअर मिळालं. एका चित्रपटाचे एक लाख रुपये घेणारा संगीतकार, असा बोलबाला झाला.

आणि त्याच सुमारास त्यांच्या तोंडी एक शब्द पक्का बसला: नाही. लताबाईंचा आवाज माझ्या गाण्याला लागत नाही, मला जो खट्याळपणा, जो भरलेला गळा हवा तो वेगळा आहे, म्हणून नाही. ज्या काळात लताबाईंशिवाय संगीतकाराचं पान हलत नव्हतं, त्या काळात हा माणूस त्यांच्याशिवाय पहिल्या रांगेत बसला. रफीसाहेबांना एकदा रेकॉर्डिंगला उशीर झाला. दुसऱ्या संगीतकाराकडे अडकलो होतो, असं त्यांनी खरं काय ते सांगितलं. ओपींनी तोडून बोलावं आणि वर्षानुवर्षांची मैत्री गोठून जावी. रफी! ज्यांच्याविषयी वाईट बोलणारा माणूस शोधूनही सापडत नाही, ते रफी. महेंद्र कपूर मधल्या काळात चांगलं गायले, आणि पुढे रफींनीच मन मोठं करून दार उघडलं.

पण एकदा ओपींनी हट्ट सोडला होता, आणि ती गोष्ट मला फार मोलाची वाटते. 'कश्मीर की कली', 1964. शम्मी कपूरला गाण्याच्या शेवटी एकच शब्दसमूह पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तऱ्हेनं हवा होता. त्याला दल लेकमधल्या नावेत बेभान व्हायचं होतं. ओपी म्हणाले, लांबेल, कंटाळवाणं होईल. रफी मध्ये पडले: मला गाऊन बघू द्या, नाही जमलं तर काढून टाका. ओपींनी गाऊ दिलं. ती आवर्तनं ऐकून त्यांनी शम्मीला मिठी मारली, असं शम्मी कपूरनंच पुढे कितीदा सांगितलं. आज त्या गाण्याचं नाव काढलं की लोकांना तो शेवटच आठवतो. ऐकून घेतल्यावर हा माणूस किती मोठा होत होता! म्हणूनच जीव तुटतो.

आता अवघड जागी येतो. गीता दत्त. 'बाज'च्या आधीपासून ती ओपींसाठी गात होती, गुरुदत्तकडे तिनंच त्यांचं नाव नेलं होतं. शमशाद बेगम, जिच्या आवाजाला ओपी देवळातल्या घंटेची उपमा देत. ओपींची पहिली ओळख या दोघींच्या गळ्यांनी घडवली. मग आशाबाई आल्या, 'नया दौर'मध्ये नायिकेचा आवाज झाल्या, आणि ओपींच्या सुरांना आणि त्यांच्या गळ्याला एकमेकांत असं काही सापडलं, की बाकीचे आवाज मागे पडत गेले. गीतानं विचारलं होतं, मला का विसरलात? पुढे ओपी स्वतःच हे सांगत, खंत बाळगून सांगत. त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. 20 जुलै 1972 ला गीता गेली. त्याच वर्षी ओपी आणि आशाबाई कायमचे वेगळे झाले.

प्रश्न दुसऱ्यांदा आला तो असा. पुढे काय?

ओपींचा घमेंडी स्वभाव त्यांना नडला, असं म्हणून सगळे मोकळे होतात. मला ते पुरेसं वाटत नाही. 1969 च्या 'आराधना'नंतर किशोरकुमारचा आवाज हिंदुस्थानभर पसरला, राहुल देव बर्मनचा वेगळाच ताल आला. शम्मी कपूर, जॉय मुखर्जी, बिस्वजित हे ओपींच्या गाण्यांवर टेकड्यांवरून धावणारे नायक थकले होते. टांगा रस्त्यावरून गेला होता. ओपी कितीही गोड बोलले असते तरी हे टळलं नसतं. पण असं उतरणीला लागलेल्या संगीतकाराला कुणीतरी हात देतं. कधी जुना निर्माता, कधी गायक मित्र. गुरुदत्तनं एकदा तसा दिला होता. या वेळी हात द्यायला कुणी उरलं नव्हतं, कारण एकेकाला ओपींनीच दूर केलं होतं. एवढा दोष मी त्यांच्या पदरात घालतो, आणि तो घालताना मला वाईट वाटतं.

काम त्यांनी सोडलं नाही. दिलराज कौर गायल्या, 1978 च्या 'खून का बदला खून'मध्ये वाणी जयराम यांच्याबरोबर आपल्या उत्तरा केळकर आणि पुष्पा पागधरे गायल्या. 1989 मध्ये 'नीराजनम्' हा तेलुगू चित्रपट केला. 1992 चा 'निश्चय', 1994 चा 'ज़िद'. चाली वाईट नव्हत्या. कुठे कुठे तर तेच थबकणं, तोच उंबरा ऐकू येतो. पण लोकांचे कान दुसरीकडे लागले होते. ज्यानं 'मेरे सनम' केला, 'बहारें फिर भी आयेंगी' केला, 'संबंध'मध्ये कवी प्रदीपांच्या शब्दांना मुकेशच्या गळ्यातून एकट्यानं चालत राहायला लावलं, त्याच्या हातात पुढची तीसहून अधिक वर्षं होती. एवढ्या वर्षांत एका माणसानं किती गाणी केली असती? माझा शोक त्या न झालेल्या गाण्यांसाठी आहे.

त्या वर्षांत ओपी होमिओपॅथीची औषधं देत. पैसे न घेता. डोक्याला हॅट, हातात काठी, ताठ मान. ठेका मोजणारी तीच बोटं आता साबुदाण्यासारख्या गोळ्या मोजून पुडीत बांधत होती. मी ठाण्यातच होतो. कितीदा वाटलं, जावं, पाया पडावं, सांगावं की माझ्या अबोल वडिलांना तुम्ही दिवसातून तीन मिनिटं बोलतं करत होतात. गेलो नाही. एवढ्या मोठ्या माणसाकडे आपण काय म्हणून जायचं, असं वाटत राहिलं. आता वाटतं, जायला हवं होतं. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत असा कुणी म्हातारा कलावंत असेल, भांडकुदळ म्हणून लोकांनी टाकलेला, तर आजच जा. तो चार शब्द तोडून बोलला तरी बसा.

2013 मध्ये ओपींचं टपाल तिकीट निघालं. वडील तेव्हा नव्हते.

एक गोष्ट राहिली. वेगळं होण्याआधी आशाबाईंनी ओपींसाठी एक गाणं गाऊन ठेवलं होतं. एस. एच. बिहारींचे शब्द. ठेका जवळजवळ नाहीच. घोडा उभा आहे, टाळ्या नाहीत, नुसता तो गळा आणि आयुष्यभर चैन न मिळाल्याची तक्रार. 'प्राण जाये पर वचन न जाये' 1974 मध्ये लागला. या गाण्यासाठी आशाबाईंना फिल्मफेअर मिळालं. त्या समारंभाला आल्या नाहीत. ती पुरस्काराची बाहुली ओपींनी घेतली, आणि परतताना वाटेत गाडीच्या खिडकीतून बाहेर भिरकावली, असं सांगतात. मला ते खरं असावं असं वाटतं. गाणं अजून रात्री उशिरा रेडिओवर लागतं, आणि लागलं की मी दिवा मालवतो. ते ऐकून कुणी तो सिनेमा शोधून पाहायला बसलं, तर पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत पाहत राहावं लागेल. सिनेमात ते गाणं नाही. ते गाळलं होतं.